तंजावर, बडोदे आणि नाचणाऱ्यांची नावं

संग्रहालयात नाच ठेवता येत नाही. मूर्ती ठेवता येते, घुंगरांची जोडी ठेवता येते, पोथी आणि छायाचित्र ठेवता येतं. नाच मात्र नाचणाऱ्याच्या अंगात असतो आणि अंग थांबलं की तो दिसेनासा होतो. तरीही आज आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना अभिजात नृत्याची पहिली ओळख होते ती संग्रहालयातल्या नटराजासमोर, शाळेच्या सभागृहात नाहीतर वसाहतीतल्या एखाद्या समाजमंदिरात. देऊळ आणि दरबार ही या नृत्याची जुनी घरं. संग्रहालय, शाळा आणि समाजमंदिर ही नवी. या नव्या घरांत नृत्याबरोबर काय आलं आणि काय उंबऱ्याबाहेर राहिलं, ते या लेखात पाहायचं आहे.

मी नर्तकी नाही आणि या विषयातली पदवीही माझ्याकडे नाही. तंजावरच्या मराठी कागदांच्या ओढीनं चाळिशीनंतर मोडी शिकले आणि त्या कागदांनीच मला नृत्यापाशी आणून सोडलं. म्हणून उदाहरणही तिथलंच घेते. तंजावर म्हटलं की मराठी माणसाला सरस्वती महाल आठवतो आणि बडोदे म्हटलं की सयाजीराव. या दोन गावांना जोडणारी नर्तकींची एक वाट आहे. त्या वाटेवर देऊळ, दरबार, ग्रंथालय, सरकारी खातं आणि विद्यापीठ असे सगळेच मुक्काम लागतात.

पाटीची ताकद

आधी संग्रहालयाचं काम कसं चालतं ते पाहू. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची एक छोटी काशाची मूर्ती आहे. उंची जेमतेम 10.5 सेंटीमीटर. 1926 साली अर्नेस्ट मॅके यांच्या उत्खननात ती सापडली. एक हात कमरेवर, दुसरा हात बांगड्यांनी भरलेला, मान जराशी मागे. शाळेच्या पुस्तकापासून टपाल तिकिटापर्यंत सगळे तिला ‘नर्तकी’ म्हणतात. पण ती नाचते आहे असं सांगणारा कोणताही लेख तिच्यासोबत मिळालेला नाही. सिंधू लिपी अजून वाचली गेलेली नाही. तिची उभं राहण्याची ढब पाहून त्या काळच्या पुरातत्त्वज्ञांना दरबारात नाचणाऱ्या मुली आठवल्या आणि नाव पडलं. ते चिकटलं ते चिकटलंच.

म्हणजे पाटी नुसती माहिती देत नाही, ती वस्तूला ओळख देते. मोहेंजोदडोच्या मुलीला नाव नव्हतं आणि धंदा मिळाला. पुढच्या काळातल्या नर्तकींच्या बाबतीत बरोबर उलटं झालं. त्यांना नावं होती, ती पाटीवर आली नाहीत. जुन्या छायाचित्रांखाली पाहा: ‘नाचणारी मुलगी’, ‘दक्षिणेतील नर्तकी’, ‘देवदासी’. शेजारच्याच चित्रातल्या संस्थानिकाचं नाव मात्र सगळ्या पदव्यांसकट असतं.

भिंतीवरची चारशे घरं

ही रीत सनातन नाही, हे तंजावरला कळतं. राजराज चोळानं बांधलेल्या बृहदीश्वराच्या देवळात, प्राकाराच्या भिंतीवर, 1014 च्या सुमाराचा एक लांबलचक तमिळ लेख आहे. राजानं राज्यातल्या निरनिराळ्या देवळांतून सुमारे चारशे स्त्रिया या देवळाच्या सेवेसाठी आणून वसवल्या, त्यांची ही यादी. यादीत प्रत्येकीचं नाव आहे. ती पूर्वी कोणत्या गावच्या कोणत्या देवळात होती ते आहे. तिला कोणत्या गल्लीतलं, कोणत्या ओळीतलं, कितवं घर दिलं तेही आहे. प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला शंभर कलम भात ठरवून दिलं होतं. कलम हे तिकडचं धान्याचं माप. त्याच लेखात नृत्य शिकवणारे, गाणारे, वाजवणारे यांचेही वाटे नोंदले आहेत.

याच देवळाच्या शिखराखाली, वरच्या मजल्यावरच्या प्रदक्षिणामार्गात, नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात सांगितलेली करणं कोरली आहेत. करण म्हणजे हात, पाय आणि देह यांची मिळून होणारी एक हालचाल. शास्त्रात 108 आहेत. इथे 81 कोरून झाली आणि उरलेल्या शिळा कोऱ्याच राहिल्या. कोरीव कामात नाचतो तो चार हातांचा शिव. मात्र दगडात हालचालीचा एकच क्षण सापडतो. पाय उचलताना की टेकवताना, लय विलंबित की द्रुत, हे दगड सांगत नाही. करण पुन्हा अंगावर आणायचं तर शास्त्राचा श्लोक, दगडातली आकृती आणि जिवंत नर्तकीचा सराव अशा तिन्हींचा मेळ घालावा लागतो.

मला या दोन गोष्टी एकाच देवळात असणं फार महत्त्वाचं वाटतं. वर नृत्याची आकृती जपली, खाली नाचणारीचा पत्ता जपला. एक हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाला दोन्ही नोंदी आवश्यक वाटल्या.

शरफोजीची निरूपणं

1676 च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावरला मराठ्यांचं राज्य बसवलं आणि ते 1855 पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकलं. राजे मराठी, प्रजा तमिळ, संगीताची भाषा तेलुगू आणि शास्त्राची संस्कृत, असा तो चौरंगी कारभार होता. दुसऱ्या शरफोजीच्या काळात, म्हणजे 1798 ते 1832 या वर्षांत, खरी सत्ता इंग्रजांच्या हाती गेली होती. उरलेली सगळी हौस राजानं ग्रंथ, वैद्यक, संगीत आणि नृत्य यांत घातली.

याच दरबारात चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूनं सुरू होतो, मग जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम आणि शेवटी तिल्लाना. या क्रमाची घडी बसवण्याचं श्रेय परंपरा या चौघा भावांना देते. त्या वेळी या नृत्याला भरतनाट्यम म्हणत नसत, सादिर म्हणत. पुढे चौघांतला चिन्नैया म्हैसूरच्या आणि वडिवेलू त्रावणकोरच्या दरबारी गेला. कला माणसांबरोबर हिंडत होती.

शरफोजीनं नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. त्यांना निरूपणं म्हणतात. कीर्तनातलं निरूपण आपल्याला माहीत आहे. हे निरूपण नाचायचं. सरस्वती महालात ती जपली आहेत आणि ग्रंथालयानं ती छापलीही आहेत. एका निरूपणात एकच कथाविषय. त्याचे जयजय, शरणू, अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना, शेवटी मंगल असे एकूण अठरा भाग. आणि सगळे भाग एकाच रागात, एकाच तालात. आजच्या कार्यक्रमात प्रत्येक रचनेला वेगळा राग असतो आणि वेगळा विषय असतो. निरूपणात मात्र एकच गोष्ट अठरा पायऱ्यांनी चढत जाते. मराठीत नृत्यासाठी इतकं शिस्तबद्ध लेखन झालं, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच सांगितलं जातं.

पण पोथीत काय आहे? शब्द आहेत, रागाचं नाव आहे, तालाचं नाव आहे, बोल आहेत. त्या बोलावर पाय कसा पडायचा, हे नाही. ते लिहिण्याची गरजच नव्हती. ज्यांना नाचायचं होतं त्यांना ते येत होतं.

आंदणात आलेला संच

1855 साली दुसरा शिवाजी पुत्राविना वारला आणि तंजावरची गादी खालसा झाली. दरबार गेला तसा दरबाराचा आश्रयही गेला. पंचवीस वर्षांनी, 1880 मध्ये, तरुण सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या राजघराण्याच्या नात्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं. सासरी त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्या मागोमाग आंदण म्हणून नर्तकी, नट्टुवनार आणि वादक यांचा एक संच बडोद्यात आला. नट्टुवनार म्हणजे नृत्य शिकवणारा आणि टाळ धरून बोल म्हणणारा गुरू. नर्तकींमधल्या दोघींची नावं इतिहासात राहिली: गौरी आणि कांतिमती.

‘आंदणात आलेला संच’ हे शब्द लिहितानाही मला अडखळायला होतं. पितळेची भांडी आंदणात येतात. इथे शिकलेली, मिळवती माणसं आली. स्वतःची भाषा मागे ठेवून, गुजरातीभाषक गावात, मराठी दरबारात. चिमणाबाई 1885 मध्ये वारल्या. संच बडोद्यातच राहिला.

बडोदे संस्थानात गाणाऱ्या-नाचणाऱ्यांसाठी कलावंत कारखाना नावाचं खातं होतं. सयाजीरावांच्या शिस्तप्रिय कारभारात त्यालाही नियम लागले. कोणी कधी हजर राहायचं, वेतन किती, रजा किती, सगळं कागदावर. 1886 मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा निघाली आणि संगीत घराबाहेर, वर्गात आलं. नृत्य मात्र त्या वेळी वर्गात आलं नाही. गाणं शिकणारा मुलगा विद्यार्थी ठरत होता. नाच शिकणाऱ्या मुलीकडे समाज कशा नजरेनं पाहत होता, ते वेगळं सांगायला नको.

कांतिमतींचा मुलगा कुबेरनाथ बडोद्यातच वाढला आणि पुढे भरतनाट्यमचा गुरू झाला. लोक त्याला कुबेरनाथ तंजोरकर म्हणून ओळखत. हे आडनाव जरा थांबून पाहावं. तमिळ घराणं, गुजरातेतलं गाव आणि गावाच्या नावाला ‘कर’ लावायची मराठी रीत. सगळा प्रवास त्या तीन-चार अक्षरांत साठला आहे. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. देशात नृत्याची पदवी देणाऱ्या आरंभीच्या विद्यापीठांत त्याची गणना होते.

वर्गात येताना

मधल्या काळात खूप उलथापालथ झाली होती. 1934 मध्ये मुंबई इलाख्यात आणि 1947 मध्ये मद्रास प्रांतात देवाला मुली वाहण्याविरुद्ध कायदे झाले. मुलींची फरफट थांबवणं हा त्यामागचा हेतू होता आणि त्याची गरज होती. पण कायद्याच्या आधीपासून चाललेल्या चळवळीत नाच आणि नाचणारी यांच्यात भेद करण्याइतकी उसंत कोणी घेतली नाही. पिढीजात घराण्यांतल्या अनेक स्त्रियांनी नाच सोडला, मुलींना शिकवला नाही. त्याच सुमारास, 1935 च्या डिसेंबरात, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यारला पहिल्यांदा लोकांसमोर नृत्य केलं आणि 1936 मध्ये कलाक्षेत्र उभं राहिलं. पांढरपेशा घरातल्या मुलींसाठी दार उघडलं. रुक्मिणीदेवींना शिकवलं होतं पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांनी, म्हणजे पिढीजात नट्टुवनारानंच. स्त्रियांचं नाचणं निषिद्ध ठरलं आणि पुरुषांचं शिकवणं मान्य राहिलं, ही त्यातली गोम.

शाळेनं नृत्याला काय दिलं? संख्या, सुरक्षितता आणि प्रतिष्ठा. अडवू म्हणजे पायांच्या मूळ हालचाली, सोप्यापासून अवघडापर्यंत, पहिल्या काळात, दुपटीत, चौपटीत. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून, गुरू काठी ठोकळ्यावर वाजवतो आणि ‘तैया तै’ सुरू होतं. हे क्रमानं शिकवता येतं, त्याचा अभ्यासक्रम करता येतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे महाराष्ट्रातल्या लहान गावांतल्या मुलींपर्यंत हा क्रम पोचला, ही छोटी गोष्ट नाही.

जे परीक्षेच्या तक्त्यात बसत नाही ते मात्र मागे पडलं. वर्णम नीट नाचायला अर्धा-पाऊण तास लागतो. वार्षिक संमेलनात मिळतात सात मिनिटं. पदमात नायिका एकाच ओळीला दहा अर्थांनी फिरवते आणि ते त्या क्षणी सुचावं लागतं. परीक्षेत ते ठरवून बसवलेलं असतं. शृंगाराची पदं तर कित्येक वर्गांतून गेलीच. याच्या नेमकं उलट टोकाला बालासरस्वती (1918–1984) होत्या. त्यांच्या पूर्वजांमधल्या पापम्माळ तंजावर दरबारी होत्या. शृंगार काढला तर या नृत्यात उरतं काय, असा त्यांचा रोख होता. त्यांनी मद्रासच्या म्युझिक अकादमीच्या आश्रयानं शिकवलं, अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात शिकवलं. सत्यजित राय यांनी 1976 मध्ये त्यांच्यावर ‘बाला’ हा माहितीपट केला. संग्रहालयाला जमत नव्हतं ते काही अंशी चित्रफितीला जमलं: हालचाल राहिली, आणि तिच्यासोबत नावही.

कागदाला अंग

आता मुंबईकडे येते. शरफोजीची निरूपणं पोथीत होती आणि छापलीही गेली होती. ती नाचायची कोणी? हे काम आचार्य पार्वतीकुमार यांनी अंगावर घेतलं. मराठी माणूस, चंद्रशेखर पिल्लै या तमिळ गुरूकडे भरतनाट्यम शिकलेला. मूळ मराठी संहिता हाताशी, रागतालाची नावं हाताशी; त्यावर गुरूकडून मिळालेली पावलं आणि अभिनयाची समज घालून त्यांनी निरूपणं पुन्हा रंगमंचावर आणली. त्यांच्या मुंबईतल्या संस्थेचं नावच तंजावूर नृत्यशाळा. पुढे त्यांच्या शिष्या सुचेता चापेकर यांनी पुण्यातून ही मराठी रचनांची परंपरा चालवली आणि हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम बसवण्याचा ‘नृत्यगंगा’ हा स्वतंत्र प्रयत्नही केला.

या एका कामात तिन्ही घरांचा हिशेब दिसतो. ग्रंथालयानं शब्द राखले. शाळेनं शिष्य दिले. पण मधला दुवा, बोलावर पाय कसा पडतो हे ज्ञान, आलं ते पिढीजात घराण्यांकडून. चंद्रशेखर पिल्लै, माटुंग्याला श्रीराजराजेश्वरी भरतनाट्य कलामंदिर चालवणारं पिल्लै कुटुंब, बडोद्याचे तंजोरकर, अशा माणसांनी पश्चिम भारतात हे नृत्य रुजवलं नसतं तर निरूपणाच्या पोथ्या वाचनालयातच पडून राहिल्या असत्या.

समाज म्हणजे कोणता

1977 मध्ये दिल्लीच्या आयआयटीत किरण सेठ यांनी स्पिक मॅके सुरू केली आणि मोठे कलाकार शाळा-महाविद्यालयांत जाऊन नाचू-बोलू लागले. व्याख्यान-प्रात्यक्षिक हा प्रकार त्यातून घरोघरी झाला. परदेशातही असंच घडलं. लंडनमध्ये तारा राजकुमार यांनी 1979 मध्ये स्थापन केलेली अकादमी ही संस्था शाळांत आणि वृद्धांसाठीही काम करते. गुडघ्यांनी अरमंडी होत नसली तरी बसल्या बसल्या हस्त करता येतात. अभिनयदर्पणात एका हाताचे 28 हस्त सांगितले आहेत. पताकेपासून सुरुवात केली की सत्तरीतली बोटंही वळू लागतात.

मीही गेली काही वर्षं एका मैत्रिणीबरोबर शाळांत जाते. ती नाचते, मी बोलते. मुलं मुद्रा चटकन उचलतात. मोर, मासा, कमळ झालं की प्रश्न येतात: पाय दुखत नाहीत का, घुंगरू किती, आणि हमखास एक, ‘हे पहिल्यांदा कोणी केलं?’ या प्रश्नाला शंकर किंवा भरतमुनी असं उत्तर देऊन मोकळं होता येतं. बहुतेक ठिकाणी तसंच दिलं जातं. मग मुलांच्या मनात शंकरापासून थेट आजच्या ताईपर्यंत उडी पडते. मधल्या हजार वर्षांत कोणी नाचलंच नाही, असं होतं. आम्ही आता गौरी आणि कांतिमतींची गोष्ट सांगतो. मुलांना ती अवघड जात नाही. ‘मग त्यांना परत जायचं होतं का?’ असं एका सातवीतल्या मुलीनं विचारलं होतं.

‘समाजापर्यंत कला’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा समाज म्हणजे पाहणारे, शिकणारे लोक. ज्या समाजानं ती कला सांभाळली, तो या शब्दात येत नाही. तमिळनाडूत त्याला आज इसै वेळ्ळाळर म्हणतात. आपल्याकडे गोव्यातल्या कलावंत घराण्यांचा इतिहास याच्या फार जवळून जातो. इसै वेळ्ळाळर घरांतल्या आजच्या काही नर्तकी जाहीरपणे विचारतात की आमच्या आज्यांची कला सन्मानानं शिकवता, मग आमच्या आज्यांचं नाव घ्यायला का कचरता? हा प्रश्न कोणाचा नाच बंद पाडण्यासाठी नाही. कला सर्वांची झाली हे चांगलंच झालं. ती आधी कोणाची होती हे सांगितल्यानं ती कोणाची कमी होत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला खर्च फारसा नाही. संग्रहालयानं नृत्यविषयक वस्तूच्या पाटीवर, जिथे माहीत असेल तिथे, नर्तकीचं आणि गुरूचं नाव लिहावं. जिथे ‘नर्तकी’ हा केवळ तर्क आहे तिथे तसं म्हणावं. शाळेतल्या प्रात्यक्षिकात मुद्रांच्या आधी पाच मिनिटं ही कला कोणाच्या हातून इथवर आली ते सांगावं. नृत्यवर्गांच्या अभ्यासक्रमात चौघा भावांबरोबर त्या रचना नाचणाऱ्या स्त्रियांचाही धडा असावा. आणि महाराष्ट्रात शरफोजीचं निरूपण नाचलं जाईल तेव्हा निवेदकानं राजाच्या नावावर थांबू नये.

नमुना हवाच असेल तर तो तंजावरच्या भिंतीवर आहे: नाव, मूळ गाव, गल्ली, ओळ, घराचा क्रमांक आणि वर्षाला शंभर कलम भात.